दुसऱ्या कंपनीचा प्लॅन

मांडवीजवळच्या मोबाइलच्या दुकानात एक तरुण मुलगी काउंटरवर असते. इतरांशी गुजराती बोलते, माझ्याशी मराठी. स्क्रीन माझ्याकडे वळवून एकेक ओळ बोटानं दाखवते आणि विचारते, "बराबर ना, काका?"

परवा प्लॅन स्वस्तात मिळावा म्हणून मी तिला खोटंच सांगितलं, "दुसरी कंपनी निम्म्यात देतेय. नंबर पोर्ट करतो."

ती आत साहेबांना विचारायला गेली. "एक गिऱ्हाईक सांभाळता येत नाही तुला?" साहेब गुजरातीत ओरडले. दुकानभर ऐकू गेलं. मी खुर्चीतून उठलो नाही.

सवलत घेऊनच ती बाहेर आली. हळूच म्हणाली, "निम्म्यात कुणीच देत नाही, काका. माझे पप्पापण दुकानांत असंच सांगतात."

माफी मागायची सोडून मी नुसतं निरोपाचं "आवजो" म्हणालो आणि बाहेर पडलो.