लाल दोऱ्याची पानं

माझे थोरले बंधू अण्णा गेले, तेव्हा भेटायला आलेला प्रत्येकजण एकेक किस्सा ठेवून गेला. काही माझ्याकडे आधीच होते. गिरगावच्या एका छापखान्यात ते फोरमन, मी मुद्रितशोधक.

जुळवलेल्या शिशाच्या अक्षर-खिळ्यांचं प्रत्येक पान पांढऱ्या दोऱ्याने बांधलेलं असे. दुरुस्तीसाठी पान सोडलं, की अण्णा ते लाल दोऱ्याने बांधायला लावत. खाली चिठ्ठी: काय बदललं, कोणाच्या सांगण्यावरून, का. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत पत्रकं दिवसातून दोनदा बदलत. कुठलं पान बदललं, हे अण्णा मांडणीकडे नुसतं बघून सांगत.

*

दादरचे एक लेखक म्हणाले, "मी एकच शब्द बदलला होता!" अण्णांनी लाल दोऱ्याची एकवीस पानं त्यांच्यापुढे मांडली.

लेखक वरमले. "मग मूळचं राहिलं काय?"

"तुमचं नाव," अण्णा म्हणाले. "तेही एकदा बघून घ्या."

*

मशीनवरचा डिसोझा आधी टिंगल करायचा, अण्णा राख्या बांधतात म्हणून. मग त्यालाच पटलं. घरी बायकोला सांगून आला, की कालवणात काही बदललंस तर डब्याला लाल दोरा बांध.

दुसऱ्या दिवशी डबा आला. दोरा होता, कालवण नव्हतं!

*

मालकांनी एकदा परस्पर एक पान सोडलं आणि पांढऱ्या दोऱ्यानेच बांधून ठेवलं. अण्णांनी गाठ ओळखली आणि मालकांपुढे कोरी चिठ्ठी ठेवली. कारणाच्या जागी मालकांनी लिहिलं, 'मी मालक आहे.'

अण्णांनी ती परत केली. "हे 'कोणाच्या सांगण्यावरून' मध्ये येतं. कारण लिहा."

*

गोळीबारानंतर मृतांच्या नावांचं पत्रक रोज नव्याने निघत होतं. एका दुपारी काळाचौकीचे एक गिरणीकामगार आले. कालच्या पत्रकात त्यांच्या मुलाचं नाव होतं, आजच्यात नव्हतं. इस्पितळात त्यांना कोणी दाद देईना.

"छापताना गळलं, की काढलं?" त्यांनी विचारलं. "घरी त्याची आई बसलीय. तिला काय सांगू?"

अण्णांनी लाल दोऱ्याचं पान काढलं आणि खालची चिठ्ठी सावकाश वाचली. "एक नाव काढलं. सांगणारा, वॉर्डात जाऊन आलेला कार्यकर्ता. कारण, 'मुलगा जिवंत आहे. त्याच्याशी बोलून आलो.'"

मुलाच्या वडिलांनी खिशातून कालचं पत्रक काढून टेबलावर पसरलं.

"ह्यात पण बदला."

अण्णांनी आपलं पेन त्यांच्या हातात दिलं.