सेलकाकांची सतरा घड्याळं

आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर सेलकाका राहतात. हे नाव मीच ठेवलं, पाप कबूल केलेलं बरं. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. मग बायको गेली, मुलगी लग्न होऊन परदेशी गेली, दुकान बंद झालं. उरली ती संपलेल्या सेलची काळजी. सेल कचऱ्यात टाकला की त्यातलं विष मातीत उतरतं आणि मातीतून पाण्यात, हे ते जिन्यात गाठून सांगायचे.

म्हणून सगळ्यांनी आपले सेल त्यांना नेऊन द्यायचे. बेल वाजली की काका डोळ्याला भिंग लावूनच दार उघडत, सेल मीटरला लावत आणि निदान सांगत, "हा मेलेला नाही हो, थकलाय. टॉर्च नाही ओढणार, घड्याळ ओढेल." तो थकलेला जीव मग भिंतीवरच्या एखाद्या घड्याळात जाई. अशी सतरा घड्याळं चालत, सगळी लोकांच्या टाकाऊ सेलवर. खरोखर मेलेले बरणीत पडत. बरणी भरली की काका दोन बस बदलून ती शहराबाहेरच्या, जुन्या सेलची विल्हेवाट लावणाऱ्या कारखान्यात पोचवत.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणायच्या, "एका पेन्सिल सेलपायी अर्धा तास बसवून घेतात." बसवून घेत, हे खरं. वहिनी बसत, हेही खरं. इमारतीच्या निम्म्या बातम्या तिथूनच फुटत.

एका बरणीनं काय होणार, हे काकांनाही कळत होतं. म्हणून अकरा वर्षं ते नगरपालिकेला अर्ज करत राहिले: प्रत्येक इमारतीला सेलसाठी पेटी द्या. आम्ही हसायचो. आणि गेल्या वर्षी चक्क धोरण मंजूर झालं. फाटकाशी कुलूपबंद हिरवी पेटी आली. दर महिन्याला गाडी येते, तीही वेळेवर. नावं ठेवायला जागाच नाही, माझी पंचाईत झाली. पहिल्याच महिन्यात पेटीतून काकांच्या वर्षाच्या बरण्यांपेक्षा जास्त सेल निघाले. काका खाली येऊन पेटीवरून हात फिरवून गेले.

बेल मात्र वाजेनाशी झाली.

काका नगरपालिकेच्या कचेरीत गेले. पेटीतले सेल आधी मला तपासू द्या, निम्मे जिवंत असतात, म्हणाले. कारकून भला होता. "काका, पेटी तुमच्याच अर्जावर बसली. पण आत पडलं की ते सरकारी. किल्ली नाही देता येत."

"नियम चांगलाच आहे," काका मला सांगत होते.

नवा सेल विकत आणायचा नाही हा त्यांचा हट्ट. घड्याळं एकेक करून थांबत गेली. परवा वहिनी म्हणाल्या, "पूर्वी दाराबाहेर टिकटिक यायची. आता कान लावला तरी काही नाही."

"कान लावलात, मग आत का नाही गेलात?"

"काय निमित्त काढून जाऊ?"

काल मी चार मजले चढलो. दार लगेच उघडलं. भिंग डोळ्यावरच होतं. भिंतीवर तीन घड्याळं चालू होती.

"रिमोटमधला आहे. संपलेला दिसतोय," मी म्हणालो.

काकांनी सेल मीटरला लावला. काटा पार टोकाला गेला.

"हा तर कोरा आहे."

"असेल. मला काय कळतंय त्यातलं?"

"रिमोटला दोन लागतात. दुसरा कुठाय?"

"तो उद्या आणतो."

सेल त्यांनी माझ्या खिशात परत टाकला आणि मला बसायला खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचललं.