घट्ट विणीचा पट्टा

शेजारचे काका आज निळा स्वेटर घालून बाल्कनीत उन्हाला बसले होते. ते दवाखान्यात असताना काकूंनी बाहेरच्या बाकावर बसून विणलेला हा स्वेटर. छातीपाशी एका पट्ट्यात वीण इतकी घट्ट, की तिथे तो आक्रसलाय.

“काकू, तेवढं उसवून नीट करा ना,” मी म्हटलं.

“ऑपरेशन चाललं होतं गं तेव्हा. हात सैलच पडेना. राहू दे तसंच.”

असे दिवस लोक डायरीत लिहितात आणि पुढे कधीतरी ती पानं फाडूनही टाकतात. काकूंनी एक टाकाही लपवला नाही. पण मला खरं कौतुक वाटतं ते मापाचं. आत काय होईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि बाहेर त्या काकांच्याच मापाचा स्वेटर विणत होत्या.