बाहेरून घातलेली कडी

नोकरीतून मोकळा होऊन काही वर्षं झाली, पण विक्रोळीच्या एका चाळीतली ती घटना अजून डोक्यातून जात नाही. घरोघरी फराळाच्या तळणाचा वास सुटला की माझं खाण्यावरचं मन उडतं. बायको आता कारणही विचारत नाही.

दिवाळी चार दिवसांवर होती. दुपारी ठाण्यात फोन आला. बाईने नाव सांगितलं नाही. "साहेब, इथे सून भाजलीय. आग लागली तेव्हा सासूने बाहेरून कडी घातली होती. बघा काय ते," एवढं बोलून तिने फोन ठेवला. सून पंचवीस-सव्वीसची, लग्नाला तीन वर्षं. नवी सून भाजली की आम्हा पोलिसांचा पहिला संशय सासरच्यांवर. असली प्रकरणं इतकी पाहिली होती की निम्मा तपास मी जीपमध्ये बसूनच उरकला.

खोली दहा बाय बाराची. पंचनामा केला. काळवंडलेली भिंत, कलंडलेली कढई, लादीवर तेल आणि पाणी, ताटात खसखशीवर थापलेले अनारसे. शेजारच्या गृहस्थाने जबाब दिला, "आवाज आला ना साहेब, पण कडी दिसली. म्हटलं घरात कोण नाय, टीव्ही चालू राहिला असेल." धूर दिसल्यावर त्यानेच कडी काढली. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. सुनेला इस्पितळात हलवलं होतं.

सासू साठीची, मूळची मालवणकडची. महिला हवालदाराला सोबत घेऊन मी तिला विचारायला बसलो.

"कडी कोणी घातली?"

"मीच."

"का?"

सुनेशी पटत नव्हतं का, भांडण झालं होतं का, सगळं विचारून झालं. "कडी मीच घातलंय. आता माका काय विचारू नका," एवढंच ती बोलली. मी टेबलावर हात आपटला, आवाज चढवला. त्याची आज लाज वाटते. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवायची माझी तयारी झाली होती. बाईचं उरलेलं आयुष्य तुरुंगात जाणार होतं आणि मला त्याचं काहीएक वाटत नव्हतं.

महिला हवालदार खेडच्या. बाहेर आल्यावर हळूच म्हणाल्या, "साहेब, आमच्या घरी पण अनारसे तळताना दार लावतात. मध्येच कोणाची नजर पडली की अनारसे तेलात विरघळतात, असं म्हणतात. तळणारीचे हात पिठात, म्हणून बाहेर जाणारी कडी घालून जाते."

"काहीतरीच काय सांगता बाई," मी म्हटलं. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी साध्या कपड्यांत चाळीत गेलो. त्याच मजल्यावर दोन दारांना बाहेरून कडी आणि आत तळण चालू. काल शेजारची पोर भाजली होती, तरी. एका दाराची कडी काढली तर आतली बाई माझ्यावरच खेकसली, "कोण रे तो? लाव ती आधी." मी कपाळाला हात लावला.

तिसऱ्या दिवशी सून शुद्धीवर आहे असा डॉक्टरांनी दाखला दिला आणि दंडाधिकाऱ्यांसमोर तिचा जबाब झाला. तेल तापत ठेवून ती अनारसे थापत बसली होती. तेलाने पेट घेतला. घाबरून तिने तांब्याभर पाणी ओतलं आणि भडका अंगावर आला. कडी घालायला तिनेच सांगितलं होतं. सासू चकलीची भाजणी दळायला गिरणीत गेली होती. "दार उघडेना. मी आईंना हाका मारत राहिले. त्यांचा काही दोष नाही." सहाव्या दिवशी ती गेली.

मी अपघाती मृत्यू म्हणून कागद बंद केले. निष्काळजीपणाचं कलम का नाही लावलं, असं वरिष्ठांनी विचारलं. "मग अख्खी चाळ आत टाकावी लागेल, साहेब," मी म्हटलं.

तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो. तळताना दार उघडं ठेवा, कढई सोडून हलू नका. तेल पेटलं तर गॅस बंद करा, वर ताट झाका, पाणी अजिबात नको. लोक माना डोलावतात आणि घरी जाऊन कड्या घालतात. चांगल्या मनानेही माणसाच्या हातून माणूस मरतो, हे मी त्या प्रकरणात शिकलो. त्याला पकडून ठेवायला आमच्याकडे कोठडी नाही.

कागदांवर अंगठा द्यायला सासू आली तेव्हा तिचा मुलगा, सुनेचा नवरा, दाराबाहेर उभा होता. अंगठा उठवून झाल्यावर तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "सायबा, जाताना माझ्याबद्दल काय बोलली ती?"

"तुमचा काही दोष नाही म्हणाली," मी सांगितलं. हाका मारल्याचं सांगितलं नाही. उभ्या नोकरीत मी अर्धा जबाब लपवला, तो तेवढा एकच.