कवळीवाल्याचं धावणं

गल्लीत त्याला सगळे कवळीवाला म्हणत, आणि त्याला त्यात काही कमीपणा वाटत नसे. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे, त्यांवर तो घरीच कवळ्या करायचा. काम बैठं, हातात कसब आणि पोट सुटलेलं. खोड एकच: सुरुवात दणक्यात, शेवट कधीच नाही. बासरी आणली, आठवडाभर शेजाऱ्यांचे कान किटवले, मग ती माळ्यावर गेली. पोहण्याचा क्लास फीसकट पाण्यात गेला. म्हणून धावायचे बूट घेतले तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "जपून वापरा, भाच्याला देता येतील."

पण या खेपेला गंमत नव्हती. मोठ्या भावाला अर्धांगवायूचा झटका आला होता, वडीलही तसेच गेले होते, आणि याचा रक्तदाब बघून डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या होत्या. आता धावणं सुटलं तर आपण ते पुन्हा धरणार नाही आणि मग आपलीही तीच गत होणार, हे तो मनोमन जाणून होता. म्हणून रोज पहाटे उठायचा. कुत्री मागे लागली तरी थांबला नाही. खरं तर तेव्हा थांबायची सोयच नव्हती.

मग हिवाळा आला आणि पाठोपाठ दादा. हॉस्पिटलातून सुटलेल्या एकट्या माणसाला ठेवणार कुठे? बाहेरच्या खोलीत खाट पडली. तिथलं कवळ्यांचं टेबल मागच्या गॅलरीत गेलं, गॅलरीतले कपडे स्वयंपाकघरात वाळू लागले, आणि बूट गेले दादाच्या खाटेखाली, औषधांच्या खोक्यामागे. पहाटे ते चोरासारखे काढावे लागत. बाहेर दाट धुकं. नाक गळायचं, कान बधिर व्हायचे. अंथरूण म्हणायचं आज राहू दे, आणि हा म्हणायचा गप्प बैस. वेळेत परत यावंच लागे, कारण दादाला उठवून बसवणं एकट्या बायकोच्या आवाक्यातलं नव्हतं.

दादाची कवळीही यानेच केलेली. झटक्याने तोंड एका बाजूला ओढलं गेलं, तेव्हापासून ती हिरडीला टोचायची. रोज संध्याकाळी दादाचं जेवण लवकर उरकलं की हा ती थोडी थोडी घासून त्याच्या उशाशी पाण्याच्या वाटीत ठेवायचा. गॅलरीत गारठा, म्हणून धावायचं जाकीट घालूनच कामाला बसे. त्याची एक जुनी सवय होती. ज्या कवळीवर अजून एक हात फिरवायचा असेल, ती टेबलावरच्या भुग्यात न ठेवता ओल्या फडक्यात गुंडाळून खिशात टाकायची. त्या संध्याकाळी त्याने तेच केलं, तेवढ्यात जेवायची हाक आली आणि पुढचं तो साफ विसरला.

सकाळी धावून आला तर घरात हलकल्लोळ. दादाच्या उशाशी वाटीत नुसतं पाणी, आणि बायको खाटेखाली डोकं घालून बसलेली.

"भावजींचे दात कुठे गेले हो? तोंडावर चादर ओढून पडलेत, चहासुद्धा घेत नाहीत."

त्याचा हात जाकिटाच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा. वाटेत नाक पुसायला रुमाल काढला होता, त्याच्याबरोबर फडकंही पडलं असणार. तो तसाच उलट पावली पळाला. आयुष्यात इतक्या जोरात तो कधी धावला नव्हता. वळणावर फडकं सापडलं. त्यावरून कुणाचं तरी चाक गेलं होतं. आत कवळीचे दोन तुकडे.

"दुपारपर्यंत जोडून देतो," घरात शिरता शिरता तो पुटपुटला.

"कवळी जोडाल हो तुम्ही." बायकोचा आवाज चढला नव्हता, दमला होता. "रात्री मी उठते, सकाळी मीच बघते. तुम्ही धावता. उन्हाळ्यापर्यंत बंद करा, एवढंच म्हणते."

तिचं काय चुकलं होतं? तो बरं म्हणाला. दुपारी कवळी जोडून, घासून, चकाकी आणून त्याने वाटीत ठेवली. दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता, वळलासुद्धा नाही. रागावला असेल, याला वाटलं. रागवायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी सवयीने पहाटे जाग आली. तो पांघरुणातच राहिला. ऊब फार सुखाची होती, आणि त्या सुखाचीच त्याला भीती वाटत होती. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत काहीतरी धपकन पडलं. दादाच पडला, असं समजून दोघं धावत गेली.

दादा पडला नव्हता. खाटेच्या कडेला तो स्वतःच उठून बसला होता, थरथरत, धापा टाकत. काठीने त्याने औषधांचं खोकं आडवं केलं होतं आणि एक बूट बाहेर ओढला होता.

"अहो भावजी, हाक मारायची नाही का!" बायको कळवळली.

"बघ," दादा तिला म्हणाला. जीभ जड होती, म्हणून एकेक शब्द सुटा करून बोलत होता. "बसतो. माझा मी. जाऊ दे त्याला."

मग तो भावाकडे वळला. "मीही रोज चालायचो. तुझ्या लग्नाच्या गडबडीत बंद केलं. म्हटलं, गडबड संपली की सुरू करू."

बायकोने वाकून दुसरा बूट काढला आणि नवऱ्याच्या पायाशी ठेवला.

"आजपासून रात्री मी उठेन," तो तिला म्हणाला.

"उठाल. आधी जाऊन या."

बाहेर धुकं तसंच होतं. वळणापर्यंत तो रडत धावला, पुढे नुसता धावला.