होळीतला वास

यंदा लालबागला आमच्या चाळीच्या होळीत लाकडं नावापुरतीच होती. बाकी सगळा रेक्झिनचा फाटका सोफा, मोडकी कपाटं आणि वर एक कळकट गादी. जळक्या फोमचा असा घाणेरडा वास सुटला की मी ओढणी नाकाला लावली. आई पुरणपोळीचा नैवेद्य घेऊन शेजारी उभी होती.

मी भडकले. "शी! घरातली घाण होळीत टाकतात? काय माणसं आहेत ही! लाज कशी वाटत नाही?"

आईने पोळी आगीत सोडली, हात जोडले.

"गादी आपलीच आहे गं," ती म्हणाली. "बाबा गेले त्या आठवड्यात तूच झाडूवाल्याला सांगितलंस ना, वास मारतेय, कुठेही टाक, पण आजच्या आज उचल."