कणगीबाई

कणगीबाईंना काठोकाठ भरलेली वस्तू बघवत नसे. पाण्याचा तांब्या असो की पुस्तकांचं कपाट, थोडी जागा रिकामी हवीच. कराडच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्या कॉम्प्युटर लॅब सांभाळायच्या. नोकरी हंगामी, दर जूनला नव्यानं नेमणूक. लॅबमधल्या साठवणीला त्या धान्याची कणगी म्हणत, म्हणून कणगीबाई हे नाव पोरांनी दिलेलं, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

नव्वदीच्या अखेरीचे दिवस. अख्ख्या कॉलेजला इंटरनेटची एकच मरतुकडी लाइन. म्हणून बाईंनी प्रॉक्सी सर्व्हर बसवला होता. एकानं मागवलेलं पान तो आपल्या डिस्कवर साठवून ठेवी आणि दुसऱ्यानं मागितलं की लाइनची वाट न पाहता तिथूनच देई. ज्या पानाला बरेच दिवस कुणी विचारलं नाही, ते बाहेर. "इथं वशिला नाही," बाई म्हणायच्या. चळवळीतल्या घरात पत्रकं वाचत वाढलेल्या मला हे कुठल्याही जाहीरनाम्याहून खरं वाटे.

एका ऊसबागायतदार माजी विद्यार्थ्यानं कॉलेजला भलीमोठी डिस्क भेट दिली. तिला हार, हळदकुंकू, नारळ सगळं झालं. बाईंनी तिचा निम्माच भाग साठवणीला लावला. प्राचार्य अस्वस्थ झाले. देणगीदार बघायला येणार, आणि निम्मी डिस्क रिकामी?

आमच्या वर्गातला कोरेगावचा संपतही हसत म्हणाला, "मॅडम, एवढी जागा मोकळीच ठिवायची व्हय?"

"अरे, कणगी मोठी आणली तर कुठं काय ठेवलंय हे लक्षात ठेवणारं डोकंही मोठं लागतं. आपल्या मशिनची मेमरी चिमूटभर. सगळं भरलं तर ते शोधतच बसेल. मग तू काय खाणार?"

मेमरी वाढवून द्या, सगळी डिस्क वापरते, असं त्यांनी प्राचार्यांनाही सांगितलं. पण मेमरीची ती बोटभर पट्टी. तिला हार कुठं घालणार? प्राचार्यांनी जूनच्या नेमणुकीची आठवण करून दिली. बाई शांतपणे म्हणाल्या, "नेमणूक तुमच्या हातात आहे, सर. पोरांचं काम माझ्या."

जूनमध्ये त्यांची नेमणूक झाली नाही.

मी संतापून पत्रक लिहिलं, कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. सांगलीच्या एसटीची वाट बघताना बाईंनी ते स्टँडवर वाचलं. स्वतःबद्दलची वाक्यं त्या खोडतील असं वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "कडेला जागा ठेव गं. वाचणाऱ्यालाही भांडायचं असतं."

तेव्हापासून मी समास सोडते. ते पत्रकही समास सोडून पुन्हा लिहिलं, वाटलं आणि एक नोटीस बोर्डावर लावलं. बाई काही परत आल्या नाहीत. नव्या माणसानं डिस्क गच्च भरली, देणगीदार खूश होऊन गेले, आणि सर्व्हर असा रखडला की साधं एक पान उघडेपर्यंत तास संपायचा. महिन्याभरात निम्मी डिस्क गुपचूप पुन्हा रिकामी झाली.

नोटीस बोर्डावरच्या पत्रकाच्या समासात तोवर कुणीतरी सुबक अक्षरात लिहून गेलं होतं : 'देणगीदाराचा मान कुणी ठेवायचा?'

त्याखाली दुसऱ्या, वेड्यावाकड्या अक्षरात होतं : 'आन् बाईंचा कुणी ठिवायचा?'